बाबांची खालची कवळी बसत नाही. इम्प्लांट करावं का? (यवतमाळ जिल्हा)

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूला. बाबांचं वय 64. खालचे सगळे दात गेले, वरचे समोरचे पाच उरले, तेही हलतात. खालची कवळी करून दिली, पण ती डब्बीतच राहते. म्हणतात, "बोललो का नाचते, खाल्लं का टोचते." भाकर वरणात कुस्करून खातात, हुरड्याच्या दिवसांत नुसते पाहत बसतात. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सोडलाय.

मागच्या महिन्यात तालुक्याला दातांचं शिबिर होतं. तिथं सांगितलं, "हाड कमी झालंय, पण आमच्या पद्धतीनं तीन दिवसांत फिक्स दात बसतात." दोन्ही जबड्यांचे साडेतीन लाख. आठ दिवसांत अर्धे भरले तर सूट. एवढ्यात आमच्या विहिरीचं बांधकाम होते, म्हणून घाई केली नाही. कोणी केलं असेल तर सांगा. आणि हाड कमी झालं म्हणजे नेमकं काय झालं, तेही कोणीतरी समजावून सांगा. शिबिरात विचारलं तर कॉम्प्युटरवर फोटो दाखवला अन् पुढचा नंबर बोलावला.

रोडगेप्रेमी
साडेतीन लाखाचे दात लावून खायचं काय, सोनं? माह्या आज्यानं नुसत्या हिरडीवर रोडगे खाल्ले, तेही वांग्याच्या भाजीसंगं. पैसे विहिरीले लावा. पाणी लागलं तर सात पिढ्या खातीन.

दातांचीडॉक्टर
रोडगेप्रेमी, आजोबांना नमस्कार, पण हिरडीवर खाणारी माणसं बहुतेक वेळा काय काय खाणं सोडून देतात ते कोणी मोजत नाही. डाळीचं पाणी, मऊ भात आणि चहात बुडवलेलं बिस्कीट यावर आलेली म्हातारी माणसं मी रोज पाहते. त्यात शुगर असेल तर तोच भात आणि तेच बिस्कीट नडतं.

पऱ्हाटीवाला, मी वर्धा जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. बाबांना तपासल्याशिवाय त्यांना काय करावं हे सांगणार नाही, पण हाडाचं सांगते.

जबड्याच्या हाडाचा वरचा भाग, ज्यात दाताचं मूळ रुतलेलं असतं, तो दातासाठीच असतो. दात निघाला की शरीराला त्याची गरज उरत नाही आणि ते हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने, नंतर हळूहळू, पण आयुष्यभर. खालचा जबडा वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो. वरच्या कवळीला अख्खा टाळू मिळतो, ती चिकटून बसते. खालचीला मिळते घोड्याच्या नालेच्या आकाराची एक अरुंद कड, आणि मधोमध सारखी हलणारी जीभ. कड झिजून सपाट झाली की कवळीला धरायला काही उरत नाही. बाबा म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, त्यांचा हट्ट नाही तो. नवी कवळी चांगली बनवली तर थोडा फरक पडतो, फार नाही.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. साधारण 4 मिलिमीटर जाड, 8 ते 12 मिलिमीटर लांब. स्वीडनचे ब्रोनेमार्क 1952 च्या सुमारास सशाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते पाहायला टायटॅनियमची नळी बसवायचे. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिच्या अंगाला घट्ट धरून वाढलेलं. त्यावरून 1965 मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. त्या गृहस्थांचे इम्प्लांट चाळीस वर्षं, म्हणजे ते जिवंत असेपर्यंत टिकले. आज सगळी कंपन्यांची भांडणं सोडली तरी मूळ तत्त्व तेच आहे. हाडाने धातू धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्यात हाड पोकळसर असतं म्हणून जरा जास्त.

आता तुमच्या खर्चाचं. खालच्या जबड्याला आठ-दहा इम्प्लांट लागत नाहीत. हनुवटीच्या वर, पूर्वी सुळे होते त्या दोन जागी दोन इम्प्लांट बसवायचे आणि कवळी त्यांच्यावर शर्टाच्या टिचबटणासारखी लावायची. खाताना हलत नाही, रात्री काढून धुता येते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला तज्ज्ञांची बैठक झाली होती. खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला पहिला पर्याय म्हणून हाच सांगावा, असं त्यांनी तेव्हाच म्हटलंय. शिबिरात हे सांगत नाहीत, कारण यात साडेतीन लाख होत नाहीत.

पऱ्हाटीवाला
डॉक्टरताई, हे तर आम्हाले कोणी सांगितलंच नाही. पण हाडच नाही म्हणतात, मग दोन स्क्रू तरी कुठं बसतीन?

दातांचीडॉक्टर
खालच्या जबड्यात मागच्या बाजूला हाडाच्या आतून एक नस जाते आणि छोट्या दाढांच्या आसपास बाहेर येते. हाड झिजलं की मागे त्या नसेच्या वर जागाच राहत नाही. तिथे स्क्रू गेला तर अर्धा ओठ बधिर होतो, कधी कायमचा. पण दोन्ही बाजूंच्या नसांच्या मधला, हनुवटीचा भाग खूप झिजलेल्या जबड्यातही बहुतेकदा पुरेसा असतो. "हाड कमी आहे" हे वाक्य कुठल्या जागेबद्दल आहे ते विचारायचं. त्यासाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन लागतो, त्यात हाड सगळ्या बाजूंनी दिसतं. अख्ख्या जबड्याच्या साध्या एक्स-रेमध्ये, म्हणजे ओपीजीत, उंची कळते, जाडी कळत नाही.

वरच्या जबड्यात मागे सायनसची पोकळी असते, ती दात गेल्यावर खाली उतरते. तिथे मग सायनस लिफ्ट करून हाडाची भुकटी भरावी लागते. खर्च आणि महिने दोन्ही वाढतात. पण वरची साधी कवळी चांगली बसते, तर बाबांना ते करायची गरजच काय?

खुमासदार
आणि ते तीन दिवसांत फिक्स? आमच्या साडूने केलंय ते. तो तर खूश आहे.

दातांचीडॉक्टर
दोन गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात. एक, नेहमीचे इम्प्लांट बसवून ते हाडात पुरेसे घट्ट बसले तर लगेच तात्पुरते दात लावणं. पोर्तुगालच्या मालो यांनी 1998 मध्ये चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा करायची पद्धत आणली, ती यातली. ते शास्त्र पक्कं आहे. पक्के दात मात्र काही महिन्यांनी हाड धरल्यावर बसवतात आणि तोपर्यंत मऊ खायचं असतं.

दुसरी, एकाच तुकड्याचे लांब, पातळ स्क्रू हाडाच्या खोलच्या कडक थरात रोवून तिसऱ्या दिवशी कायमचे दात चिकटवणं. ते करणारे डॉक्टर त्याची बाजू मांडतात, मीही ऐकलीय. माझी अडचण अशी की एखादा स्क्रू बिघडला तर वरचं सगळं कापावं लागतं, आणि नेहमीच्या इम्प्लांटचा जितका लांब वर्षांचा अनुभव आहे तितका याचा नाही. मी करत नाही. साडूभाऊंना अजून पुष्कळ वर्षं चालोत. पण आठ दिवसांत पैसे भरा म्हणणाऱ्याकडे जबडा देऊ नये, पद्धत कुठलीही असो.

मोहफूल
मी गडचिरोली जिल्ह्यातली. माझ्या नवऱ्याच्या चार दाढा गेल्या, वय 38. दिवसाला किती खर्रे होतात विचारू नका. डॉक्टर म्हणाले इम्प्लांट होणार नाही, तोंडच उघडत नाही. असं असतं का? की टाळाटाळ?

दातांचीडॉक्टर
ताई, टाळाटाळ नाही. त्यांना आरशासमोर उभं करा आणि त्यांचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर कडक होत चाललंय. खर्ऱ्यातली तंबाखू सगळ्यांना माहीत असते, पण तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीने. मागच्या दाढेच्या जागी ड्रिल घालायला जेवढं तोंड उघडावं लागतं तेवढं उघडत नाही, मग हाड कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.

आणि खरं सांगायचं तर इम्प्लांट ही इथे दुसरी गोष्ट आहे. ही अवस्था पुढे कॅन्सरकडे जाऊ शकते. तिखट लागलं की आग होते का? गालाच्या आत पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम? असेल तर आधी तपासणी, गरज पडली तर बायोप्सी. खर्रा सोडला की पुढे बिघडायचं थांबू शकतं, आखडलेलं सगळं मात्र परत मोकळं होत नाही. तुमच्या जिल्ह्यात मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाचं काम आहे, सोडवायला मदत मिळेल. तंबाखू आणि धूर चालू असताना केलेले इम्प्लांट फसायचं प्रमाणही जास्त असतं. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांमध्ये ते जवळपास दुप्पट आढळलंय.

रोडगेप्रेमी
खर्ऱ्यावर बोलू नका बा, इथं अर्धा धागा बंद पडीन.

संत्रापट्टा
हाडाचा विषय निघाला म्हणून लिहितो. वरुडच्या बाजूचे आम्ही. 2021 मध्ये काकांना कोरोना झाला, त्यातून उठले आणि दहा-बारा दिवसांत गाल सुजला, वरचे दात एकदम हलायला लागले. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. शुगर होतीच, वर स्टेरॉईड. नागपूरला ऑपरेशन करून उजवीकडचा वरचा जबडा काढला. इंजेक्शनसाठी आम्ही किती फोन केले ते आठवत नाही. मे अखेरीस वर्ध्यात ते इंजेक्शन, ॲम्फोटेरिसिन बी, बनायला लागलं हे पेपरात वाचलं तेव्हा घरात सगळे रडले होते.

जीव वाचला. पण टाळूला भोक. पाणी प्यायले की नाकातून येई. बोललेलं कळत नसे, म्हणून काकांनी बोलणंच सोडलं. गावात पारावर जाणं बंद. मग भोक झाकणारी एक प्लेट मिळाली, ऑब्च्युरेटर म्हणतात तिला. त्याने पाणी थांबलं, आवाज परत आला, पण चावता येत नव्हतं. धरायला दातच कमी.

मग डॉक्टरांनी सांगितलं की वरचा जबडा नाही तर गालाच्या हाडात इम्प्लांट टाकू. लांबच लांब असतात ते, चार-पाच सेंटिमीटर. आधी स्कॅन करून बुरशी पूर्ण गेली याची खात्री, शुगर काबूत, मग पूर्ण भूल देऊन ऑपरेशन. खर्च मोठा होता, संत्र्याचा एक बहार त्यात गेला. आता काका भाकर खातात. चेहरा एका बाजूला बसलेला आहे तो आहेच. पारावर मात्र जातात.

दातांचीडॉक्टर
संत्रापट्टा, हे लिहिल्याबद्दल आभार. गालाच्या हाडातले इम्प्लांट मुळात अशाच माणसांसाठी निघाले, कॅन्सरमध्ये किंवा अपघातात वरचा जबडा गेलेल्यांसाठी. ब्रोनेमार्क यांचंच काम. इथे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असा रुग्ण असेल आणि तो नुसती प्लेट लावून बसला असेल तर एकदा दंत महाविद्यालयात दाखवा. आणि ते काम तालुक्याच्या दवाखान्यात करायचं नाही, त्याला जबड्या-चेहऱ्याचा, म्हणजे मॅक्सिलोफेशियल सर्जनच हवा.

लॅबवाला_अमरावती
मी डेंटल लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर माप पाठवतात, दात आम्ही बनवतो. माझा मुद्दा वेगळा आहे आणि कोणीच बोलत नाही.

पेशंट येतो. पाच-सहा वर्षांपूर्वी पुण्याला किंवा हैदराबादला इम्प्लांट केलेलं, वरचा स्क्रू ढिला झालेला. नुसता कसायचा असतो. पण कसायचं कशाने? प्रत्येक कंपनीचा खाचेचा आकार वेगळा, पान्हा वेगळा. पेशंटला कंपनीचं नाव माहीत नाही. "परदेशी होतं" एवढंच सांगतो. कोरियन, स्विस, स्वीडिश, इस्रायली, देशी, सगळं परदेशीच! एक्स-रे पाहून अंदाज लावत बसतो आम्ही. कधी पान्हा लागतो, कधी नाही. नाही लागला तर चांगलं धरलेलं इम्प्लांट वाया.

इम्प्लांटच्या डब्बीवर स्टिकर असतो. कंपनी, मापं, लॉट नंबर. तो स्टिकर तुमच्या कार्डावर चिकटवून मागा. नाही दिला तर तिथल्या तिथं डब्बीचा मोबाईलवर फोटो काढा. सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवा, ती फाईल घरात कोणी हरवत नाही.

आणि ज्या कंपनीचा माणूस नागपूर-अमरावतीला येत नाही तिचा माल घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

झाडीपट्टी
आमच्या गोंदियाकडं आठवडी बाजारात अजूनही दातवाले बसतात. दोनशे-तीनशेत दात लावून देतात, तोही फिक्स. माझ्या मामीनं लावला होता, बाजूच्या दोन दातांले तार बांधून वर लाल प्लास्टिक थापलं.

दातांचीडॉक्टर
आणि वर्षभरात बाजूचे दोन्ही चांगले दात गेले असतील. त्या प्लास्टिकखाली ब्रश जात नाही, हिरडी सडते आणि हाड झिजतं ते वेगळंच. असे थापलेले दात फोडून काढणं हे माझ्या दवाखान्यातलं नेहमीचं काम आहे. दंतवैद्यांचा कायदा 1948 चा आहे, नोंदणीशिवाय हे करता येत नाही. बाजार मात्र भरतो.

सातबारा
एक अडचणीचा प्रश्न. आई माळकरी आहे. तिला हाड भरावं लागेल म्हणाले. मी सहज विचारलं भुकटी कशाची, तर डॉक्टर म्हणाले गाईच्या हाडाची. आईने तिथेच हात जोडले आणि उठली. दुसरं काही असतं का?

दातांचीडॉक्टर
असतं. सगळ्यात जास्त वापरली जाणारी भुकटी गाई-बैलांच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली असते. तिच्यावर झाकायचा पातळ पडदाही बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजनचा. हे आधी सांगणं डॉक्टरचं काम आहे. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, बरेच जण विचारत नाहीत आणि नंतर कुठेतरी वाचून अस्वस्थ होतात. कारखान्यात बनवलेली कॅल्शियम फॉस्फेटची भुकटी मिळते. किंवा स्वतःचंच हाड, हनुवटीचं नाहीतर अक्कलदाढेच्या मागचं. त्यात दुसरी जखम होते, पण काम उत्तम होतं. आईंना घेऊन परत जा आणि हे शब्द वापरून विचारा. कधी कधी आखूड इम्प्लांट वापरून भरणं टाळताही येतं.

रानपाखरू
सिकलसेल असलेल्यांना चालते का? बहीण एसएस आहे, म्हणजे आजारच आहे, चंद्रपूर जिल्हा. समोरचा एक दात पडून गेलाय.

दातांचीडॉक्टर
नुसता वाहक, म्हणजे एएस, असेल तर सहसा अडत नाही. एसएसमध्ये हाडाचा रक्तपुरवठा मधूनमधून अडतो आणि जंतुसंसर्ग किंवा शरीरातलं पाणी कमी होणं यानेही क्रायसिस, म्हणजे तीव्र दुखण्याचा झटका, येऊ शकतो. तिच्या सिकलसेलच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कोणी सुई लावू नये. एकाच दातासाठी बाजूच्या दातांना चिकटवायचा ब्रिज हा सोपा पर्याय आहे, त्यात हाडाला हात लागत नाही.

याच ओघात: ठिसूळ हाडांसाठी किंवा कॅन्सरमध्ये झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेतलं असेल तर दात काढायच्याही आधी सांगा, जबड्याचं हाड मरू शकतं. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका.

पऱ्हाटीवाला
मंडळी, अपडेट देतो. बाबांना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं, मेडिकलच्या आवारात आहे ते. गर्दी लय, पण तपासणी नीट झाली. सीबीसीटी काढला. खाली हनुवटीकडं हाड 14 मिलिमीटर आहे म्हणाले, दोन इम्प्लांटले भरपूर. मागं नाही. म्हणजे ताई म्हणत होत्या तसंच. वरचे पाच दात काढावे लागतीन, हिरडीचा आजार आहे, वर साधी कवळी.

पण एचबीए1सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी, 8.6 आला. म्हणे हा 7 च्या आसपास आणा, मग हात लावू. तीन महिन्यांनी परत तपासणार. बाबांले ते पटलं, कारण तोवर कापूस वेचणी आटोपते. चहातली साखर बंद केली तर घरात दोन दिवस अबोला होता.

शिबिरवाल्याचा फोन अजून येते. आता दोन लाख ऐंशीवर आला.

रोडगेप्रेमी
थांबा, दिवाळीपर्यंत फुकट करून देईन तो.

बाकी डॉक्टरताई, तुमचं वाचून माह्या मायले दाखवाले नेतो म्हणतो. आज्याचं सांगितलं ते खरं हाय, पण माय रोडगा भिजवूनच खाते.

दातांचीडॉक्टर
नक्की न्या.

पऱ्हाटीवाला, शुगरचा निर्णय योग्य दिलाय. शुगर वाढलेली असताना जखम भरत नाही आणि हाडही नीट धरत नाही. ऑपरेशननंतर जुनी कवळी लगेच घालू देणार नाहीत, साधारण दोन आठवड्यांनी आतून कोरून, मऊ अस्तर लावून देतील. बटणं नंतर. आणि रोजची स्वच्छता आताच ठरवून ठेवा, घरात कोण पाहणार ते. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड उतरू शकतं, आणि दुखत नाही म्हणून उशिरा कळतं. मऊ ब्रशने त्या दोन बटणांभोवती दोन वेळा, वर्षातून किमान एकदा दाखवणं. निंबाची काडी तिथे घासायची नाही.

पऱ्हाटीवाला
आई पाहीन, तिचाच धाक हाय. एक शेवटचं विचारतो. बाबांच्या हाताले थोडा कंप आहे. ती बटणाची कवळी रोज काढता येईन का त्यांले? लय घट्ट बसते म्हणतात.

लॅबवाला_अमरावती
हे मी सांगतो. कवळीच्या आत नायलॉनच्या छोट्या टोप्या असतात, त्या बटणावर बसतात. त्यांची पकड वेगवेगळी मिळते आणि रंगावरून ओळखता येते. लोकेटर नावाची जी पद्धत जास्त चालते तिच्यात निळी सगळ्यात हलकी, गुलाबी मधली, पांढरी घट्ट. डॉक्टरांना हाताच्या कंपाचं आधीच सांगा आणि सुरुवातीला निळी लावायला लावा. सवय झाली आणि सैल वाटली तर गुलाबी, दोन मिनिटांचं काम आहे. या टोप्या झिजतात, साधारण वर्षाने बदलाव्या लागतात, त्याचे पैसे किती ते आत्ताच विचारून ठेवा. आणि काढताना एका बाजूने ओढायची नाही. दोन्ही अंगठे दोन बाजूंना कडेखाली घालून एकदम वर.